फटफटी आणि अण्णांचा डावा कान

आमच्या घरच्या पुरणपोळीला राकेलचा वास येतो, ही गोष्ट डोणगावात बरेच दिवस फिरत होती. बदनामी म्हणावी तर ती खरी होती. ज्या पितळी परातीत आई कणीक मळायची, त्याच परातीत मी एक अख्खं इंजिन धुऊन काढलं होतं. नंतर परात चिंचेनं घासली, राखेनं घासली, उन्हात उपडी टाकली, पण वास काही जाईना. आईनंही हट्टानं परात बदलली नाही. पंगतीत एखादा पाहुणा घास तोंडाशी धरून थांबला की ती वाढता वाढता माझ्याकडं बोट दाखवायची. "याहिनं इंजिन धुतलं त्याच्यात. फिटर हायेत ते." फिटर या शब्दावर ती असा जोर द्यायची की पाहुणा घाईघाईनं घास गिळून टाकायचा.

मी फिटर होतो हे कागदोपत्री खरं. मेहकरला रोज जाऊन-येऊन मी तो कोर्स केला होता. तिथं लोखंडाचा एक तुकडा कानशीनं घासून चौरस करायला शिकवत. मी तो घासघास घासला. तो लहान झाला, पण चौरस झाला नाही. परीक्षेला आलेल्या माणसानं तो काटकोन तपासायच्या गुण्याला लावून उजेडाकडं धरला, तेव्हा मधल्या फटीतून त्याला बसस्टँड दिसलं असावं. तरी त्यानं मला पास केलं. त्या माणसाच्या दयाळूपणामुळं पुढं एका इंजिनाचा जीव गेला, हे त्याला कधी कळलं नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. ढोरांच्या सरकारी दवाखान्यात ते पट्टीबंधक होते. जखमा बांधायच्या, नळीनं औषध पाजायचं, अडलेली गाय मोकळी करायची, ही त्यांची कामं. खरे डॉक्टर बदलून जायचे, अण्णा तिथंच असायचे, म्हणून आसपासच्या खेड्यांना डॉक्टर म्हणजे अण्णाच. ते खेडोपाडी जायचे एका जुन्या फटफटीवर. बनावट कुठली ते सांगत नाही. पुढं जे झालं त्यात बनवणाऱ्याचा दोष नव्हता. एका मोठ्या सिलिंडरची, काळी, जड गाडी. अण्णांकडं आली तेव्हाच ती म्हातारी होती. आता नागपूर-पुण्याची हौशी मंडळी असल्या गाड्या शोधत गावोगाव हिंडतात आणि 'विंटेज हाये का काका कोठी?' म्हणून विचारतात. आमच्या वेळी विंटेज नव्हतं, भंगार होतं. तेच लोखंड.

तिचा सायलेन्सर सडून रस्त्यात कुठंतरी गळून पडला, तो अण्णांनी पुन्हा बसवलाच नाही. त्यांचं म्हणणं, आवाजाचा उपेग होते. आणि खरंच व्हायचा. नाल्यापलीकडं ती धप् धप् धप् ऐकू आली की गडी आजारी जनावर उजेडात आणून बांधायचे आणि घरची बाई चहाचं आधण ठेवायची. आमच्या घरी आई तवा चढवायची. चुलीपुढं बसून ती कान देऊन असायची, आणि आम्हाला काहीही ऐकू यायच्या आधी म्हणायची, "आले." मग पहिली भाकर थापली जायची. भाकर ताटात पडायची तेव्हा अण्णा दारात गाडी लावत असायचे.

अण्णा रिटायर झाले, फटफटी एका पावसाळ्यात जाम झाली आणि गोठ्यात गेली. तिच्यावर पोत्याची झूल आली. कोंबड्या हँडलवर बसू लागल्या आणि एकीनं बॅटरीच्या डब्यात अंडी घालायची जागा कायम केली. आई कोंबड्यांना हाकलायची नाही. म्हणायची, "बसू द्या. तेवढाच उपेग त्या खटाऱ्याचा."

त्याच सुमाराला अण्णांचे कान जायला लागले. आधी उजवा गेला, पूर्ण. मग डाव्यातून बारीक आवाज गेले. घुंगरं गेली, चिमण्या गेल्या, सायकलची घंटी गेली, माझा आवाज गेला. माझा आवाज तेव्हा फार चिरका होता आणि मी बोलायचो त्यात ऐकण्यासारखंही काही नसायचं, तेव्हा नुकसान बेताचंच. मी त्यांना अकोल्याला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, नस वाळत चाललीय, डाव्या कानाला अजून जाड आवाज लागतात, तेही जातील, फार तर वर्ष काढतील. हे कशानं झालं म्हणून मी विचारलं, तर त्यांनीच उलट विचारलं की हे काय काम करायचे. मी फटफटीचं सांगितलं. सायलेन्सर नव्हता हेही सांगितलं. डॉक्टरांनी नुसता हात उडवला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. खिशात ठेवायची पेटी आणि कानात घालायची वायर असं एक यंत्र दिलं होतं. अण्णांनी ते थोडे दिवस वापरलं आणि कोनाड्यात ठेवून दिलं. "याच्यात सारे एकाच आवाजानं बोलतेत," ते म्हणाले. "तू अन म्हैस सारखीच."

अकोल्याहून परत येताना आमच्याकडचं मालेगाव मागं पडलं आणि अण्णा एकदम बोलले. त्यांना वाटलं हळू बोलले, पण अख्ख्या एसटीनं ऐकलं.

"सुधाकरा, फटफटी सुरू होईन काय बे?"

मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "काऊन?"

"जिनं कान नेले तिले एक डाव आयकून घेतो. मंग गेले तरी चालीन."

कंडक्टर हसला. पुढच्या सीटवरची एक म्हातारी हसली नाही. वळून माझ्याकडंच पाहत राहिली, आता हा पोट्टा काय म्हणते म्हणून. मला असं कोणी पाहिलं की माझं तोंड माझ्या ताब्यात राहत नाही. मी ओरडलो, "करतो ना! दसऱ्याले वाजवून देतो!" म्हातारीनं मान हलवली. म्हणजे ठरलंच.

घरी आईला कळलं तेव्हा ती भांडी घासत होती. आता आईच्या आवाजाचं सांगायला हवं. आईचा आवाज जाड होता, बाजारात पुकारा करणाऱ्यासारखा. ती स्वतःशी पुटपुटली तरी गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं. घरात अण्णांना ऐकू येणारा तेवढा एकच आवाज उरला होता, आणि त्याचा तिला मनातून अभिमान होता. कोणाला अण्णांशी काही बोलायचं असलं की ते आईला सांगायचे आणि आई त्यांच्या डाव्या कानात ओतायची. डॉक्टर म्हणाले तसं मी सांगितलं, जाड आवाज तेवढे येतात, तिचा आणि फटफटीचा.

"मी अन ते खटारं?" तिनं हातातली राख झटकली. "एका रांगेत बसोलं मले. सवत असती तरी परवडलं असतं, भांडे तरी घासले असते तिनं."

मदतीला गजा होता. गजा माझा मित्र. सुलतानपूरला मामाकडं राहून विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायला शिकलेला. त्याला कुठल्याच गोष्टीची भीती वाटत नसे, आणि हा गुण ज्याला काही येत नाही त्याच्याकडं असला की फार खर्चिक पडतो. गोठ्यातून फटफटी ढकलत अंगणात आणली, कोंबडीनं आमच्या नडग्यांना चोची मारल्या, गजानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला. "इंजिन म्हंजे काय बे, मोटारच हाये. करंटाच्या जागी पेट्रोल."

अण्णांचं जुनं धोतर अंगणात पसरलं. गजाची पद्धत अशी होती की जो भाग निघेल तो ओळीनं मांडायचा, आणि बसवताना त्याच ओळीनं उलटं यायचं. पद्धत चांगली होती. पण धोतर म्हणजे आपलीच जागा असं कोंबड्यांना वाटलं आणि जेवून बाहेर येईस्तोवर ओळ उरली नव्हती. एक वायसर, म्हणजे वॉशर, तर आम्ही कोंबडीच्या चोचीतून सोडवून घेतलं. मग आई परात शोधत फिरू लागली आणि मी राकेलचं बोललो ते सुरू झालं.

खामगावहून पिस्टनच्या रिंगा आणल्या, जालन्याहून बेअरिंग आणलं. बेअरिंग बसवायला इंजिनाची पेटी तापवावी लागते, आणि ती कुठं तापवायची यावर दोन दिवस डोकं खाजवलं. रविवारी आईनं रोडगे, म्हणजे निखाऱ्यांत भाजायचे कणकेचे गोळे, लावले. गोवऱ्यांचा आर मस्त पडला होता. रोडगे आणि वांगे काढून झाल्यावर आम्ही पेटी त्या आरात ठेवणार होतो, पण गजाला धीर निघेना. त्यानं रोडग्यांच्या शेजारीच पेटी लोटून दिली. पेटीच्या कोपऱ्यात राहिलेलं वर्षानुवर्षांचं ऑइल वितळून आरात उतरलं. बेअरिंग मात्र हातानं ढकलल्याबरोबर सर्रकन आत गेलं, मी आनंदानं ओरडलो, आणि मग जेवायला बसलो. अण्णांनी रोडगा मोडला, तुपात बुडवला, घास खाल्ला आणि शांतपणे म्हणाले, "ऑइल बदलाले झालं होतं."

अण्णा त्या दिवसांत फार खुशीत होते. सकाळी चहा झाला की तेच पाट घेऊन अंगणात येऊन बसायचे. इंजिनातले दोन व्हॉल्व्ह घोटावे लागतात. चिकट मसाला लावून दोन्ही तळव्यांत काडी धरून फिरवायचं, ताकाची रवी फिरवावी तसं. ते काम अण्णांनी मागून घेतलं. तासन्‌तास बसायचे. मी विचारायचो, झालं का, ते ऐकू यायचं नाही, आणि ते मधेच मान वर करून मला सांगायचे की हिवाळ्यात अमक्या खेड्यात जाताना ही गाडी कशी वाजायची, चढाला कशी, उताराला कशी. तोंडानं आवाज काढून दाखवायचे. त्यांचा तो आवाज त्यांना स्वतःला किती ऐकू येत होता कोण जाणे. आई दारातून बघायची आणि आत निघून जायची. मशीनकडं ती एकदाही आली नव्हती.

आली ती खंडेनवमीला.

त्या दिवशी गजानं ठरवलं होतं की इंजिन बांधून टाकायचं, म्हणजे दसऱ्याला नुसती किक मारायची. आई आडवी आली. "आज हत्याराले हात लावाचा नाही. आज त्याची पूजा." आमच्याकडं विळा, पावशी, कुऱ्हाड, अण्णांची औषध पाजायची नळीसुद्धा पाटावर मांडली जायची, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायची नाही. गजा म्हणाला, "काकू, हे काय हत्यार हाये?" आई म्हणाली, "मंग काय भाजी हाये?" तेव्हा इंजिनाचे उघडे भागही पाटावर आले. मधोमध क्रँक, म्हणजे ज्याच्या जोरावर सगळं फिरतं तो जड गोळा, दोन चाकं आणि त्यातून निघालेला दांडा.

आई न्हाऊन, नवं लुगडं नेसून ताट घेऊन आली. विळ्याला कुंकू लावलं, कुऱ्हाडीला लावलं, आणि क्रँकपुढं येऊन बसली. दांड्याचं टोक तिच्याकडं होतं. गोल, चपटं, घासून चकचकीत केलेलं, आणि त्याच्या बरोबर मधोमध एक बारीक भोक. तिला ते कपाळ वाटलं असणार. मलाही वाटलं असतं. तिनं त्या भोकावर हळद लावली, कुंकू लावलं, आणि नवरदेवाला लावावी तशी अंगठ्यानं दाबून अक्षत लावली. मग त्या गोळ्याशी बोलली, हळूच, म्हणजे तिच्या मानानं हळू.

"हे पाह्य. तुहं माहं काही जमलं नाही. तू दिवसभर यायले घेऊन हिंडली, मी चुलीपाशी वाट पाह्यली. ते जाऊ दे. पन यायले एक डाव आयकू दे. मी तुले पुन्हा खटारं म्हननार नाही."

अण्णा पलीकडं पाटावर बसले होते, डावा कान तिच्या बाजूला. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि आंब्याच्या तोरणाकडं बघत बसले.

आत्ताच सांगून टाकतो, उगाच कोणाला ताटकळत ठेवायची माझी रीत नाही. ते भोक म्हणजे तेलाचा रस्ता. त्या भोकातून ऑइल आत जातं आणि जिथं सगळा भार येतो त्या पिनेपर्यंत पोचतं. अक्षत तिथं दाबून बसवली गेली होती. दसऱ्याच्या सकाळी मी फडक्यानं कुंकू पुसलं, फार अदबीनं पुसलं. गजा म्हणाला, "भोकात फुंकर मार बे जोरानं, कचरा गिचरा असन." आणि मी, ज्यानं आईच्या परातीत इंजिन धुतलं, ज्यानं रोडग्यांना ऑइल पाजलं, तो मी म्हणालो, "पूजा झालेल्या वस्तूवर तोंडानं फुंकते काय बे? उष्टं होते ते." सगळ्या आयुष्यात धर्म पाळायला मला नेमकी तीच वेळ सापडली.

दुपारी इंजिन बांधून झालं. दोन वायसरं उरली. ती कशाची होती हे आजही मला माहीत नाही. एक या टेबलाच्या खणात आहे.

ऊन कललं. माणसं नवे कपडे घालून शिलंगणाला निघाली होती, ती आमच्या अंगणात थांबली. अण्णा फटफटीच्या उजव्या अंगाला पाट टाकून बसले, म्हणजे डावा कान इंजिनाकडं येईल. टोपी काढून मांडीवर ठेवली. मी किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. किकच्या दांड्यानं उलटा फटका देऊन माझी नडगी फोडली, लोक हसले. गजानं मारली, त्याच्याही नडगीची तीच गत झाली. घामानं माझा दसऱ्याचा सदरा अंगाला चिकटला. कोणी म्हणालं, "चला बाप्पा, सोनं लुटाले उशीर होते." लोक हलायला लागले आणि मी वैतागून, कोणतंही तंत्र न पाळता, नुसता सगळा राग पायात आणून एक किक मारली.

धप्. मग धप् धप्. मग ती सुरू झाली. धूर निघाला, कोंबड्या उडाल्या, आणि तो आवाज जमिनीतून तळपायाला लागायला लागला. मी अण्णांकडं पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते. तोंड थोडं उघडं होतं. एक हात त्यांनी वर उचलला होता, कोणी महत्त्वाचं बोलत असताना इतरांना गप्प करावं तसा. दारात आई उभी होती, हाताला पीठ.

मग अण्णांनी डोळे उघडले. दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात हलवू लागले. काहीतरी ओरडतही होते, पण त्या आवाजात आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. गजा म्हणजे गजा, त्यानंही दोन्ही हात वर केले आणि नाचायला लागला. लोकांनी टाळ्या धरल्या. मला इतकं भरून आलं की मी रेस वाढवली. अण्णा पाटावरून उठून माझ्याकडं आले, हात हलवतच. मी अजून वाढवली.

आतून किंचाळल्यासारखं काहीतरी झालं, गाडीनं एक हिसका दिला आणि सगळं थांबलं. धूर तेवढा अंगणात राहिला.

"खालून ठोकून राह्यली होती," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज त्या शांततेत फार मोठा वाटला. "मी बंद कर म्हनून राह्यलो होतो."

अंगणात एवढी माणसं होती, सगळ्यांचे कान शाबूत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इंजिन पुन्हा धोतरावर आलं. उघडल्यावर सगळं दिसलं. पिन जळून निळी पडली होती, रॉड पिळला गेला होता आणि पेटीला आरपार चीर होती. गजासुद्धा म्हणाला, "संपलं बे." हे भाग तेव्हाही कुठं मिळत नव्हते. अण्णा मात्र ऑइलचे रस्ते तपासत राहिले. त्यांनी पोतं शिवायची दाभण घेतली, अडलेल्या गाईच्या पोटात हात घालणाऱ्या माणसाच्या सावकाशीनं ती पिनेच्या भोकात फिरवली, आणि दाभणीच्या टोकावर एक तांदूळ बाहेर आला. ऑइलनं काळा पडलेला. नखानं खरवडला तर खाली कुंकवाचा लाल रंग.

आम्ही तिघंही त्या तांदळाकडं पाहत होतो. गजा म्हणाला, "हे तं काकूची..." त्याचे ओठ हलताना दिसताच अण्णांनी त्याच्याकडं असं पाहिलं की पुढचा शब्द त्यानं गिळला. आणि तेवढ्यात आई आली. अण्णांनी मूठ मिटली.

"काय निंगालं हो आतून?"

अण्णा चाकाकडं पाहत राहिले. ती जवळ आली, वाकली, त्यांच्या डाव्या कानाशी हाताची ओंजळ धरली. "म्या म्हनलं, काय निंगालं आतून?" शेजारच्या घरात कोणीतरी काम थांबवून ऐकायला लागलं.

अण्णांनी सावकाश मान वळवली. "आं?"

"आतून! काय! निंगालं!"

"हो," अण्णा म्हणाले. "पोहे चालतीन."

गजानं हसू दाबलं. मीही दाबलं. आईला हसू आलं नाही. ती तशीच वाकून राहिली, त्यांच्या कानाकडं बघत, विहीर आटलीय का म्हणून डोकावून बघावं तसं. मग सरळ झाली. मला म्हणाली, "गेला. हाही गेला. कालच्या आवाजानं नेला." आणि पदराचा बोळा तोंडात धरून आत गेली. थोड्या वेळानं तिनं खरंच पोहे आणून ठेवले. अण्णांपुढं ताटली ठेवताना ती काही बोलली नाही. बोटानं दाखवलं, खा.

मला वाटलं, दुपारपर्यंत अण्णा सांगून टाकतील. दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीसारखी ओरडली नाही. त्यांच्या खांद्याला हात लावला आणि डोक्यावर तांब्या ओतल्यासारखी खूण केली. ते उठून आंघोळीला गेले. तिसऱ्या दिवशी चहाची खूण ठरली, मग जेवणाची, मग कोणी आल्याची. आई खुणा भराभर शिकली. आयुष्यभर जे बाईमाणूस गप्प बसलं नाही ते नवऱ्यासमोर मुकं झालं.

अण्णा गोठ्यात एकटे सापडले तेव्हा मी त्यांच्या कानात ओरडलो, "सांगून टाका ना, आयकू येते म्हनून!"

"मंग तुही माय पुन्हा विचारीन, काय निंगालं," अण्णा म्हणाले. "अन तिच्यासंग मले खोटं बोलनं जमत नाही."

"मंग हे काय हाये?"

त्यांनी हात झटकले. "हे बोलनं कोठी हाये बे."

भंगारवाला आला, त्यानं फटफटी तुकड्यातुकड्यांनी नेली. हिवाळा सुरू झाला. तुरी आल्या. अण्णांनी बसायची जागा बदलली. अंगणातला पाट उचलून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आणला. चुलीकडं पाठ करून बसायचे आणि ओल्या तुरीच्या शेंगा सोलून पत्र्याच्या डब्यात दाणे टाकायचे. डावा कान दाराकडं. आईला वाटायचं उबेला बसलेत. ती भाकरी थापता थापता आपल्याशीच बोलायची, त्या जाड आवाजात, कोणी ऐकणारं नाही म्हणून मोकळेपणानं. भाजी किडकी निघाल्याचं बोलायची, माझ्या फिटरकीचं बोलायची. कधी अण्णांचंच बोलायची: लग्नाच्या वेळी कसे काडीसारखे होते, फटफटीवर पहिल्यांदा बसवून मेहकरला नेलं तेव्हा ती रस्ताभर डोळे मिटून कशी बसली होती. तोंडावर तिनं हे त्यांना कधी सांगितलं नसतं. अण्णा तेव्हा शेंगा फार हळू सोलायचे. दाणा डब्यात टाकायचे नाहीत, ठेवायचे, वाजू नये म्हणून. मी समोरून पाहायचो. कधी त्यांच्या मिशीत हसू असायचं, आणि एकदा त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली होती.

"पानी सरलं वाट्टे," आई आपल्याशी म्हणायची, आणि जरा वेळानं अण्णा सहज उठल्यासारखे उठायचे, बादली भरून आणून ठेवायचे. आईला मोठं नवल वाटायचं. शेजारणीला सांगायची, "कानानं गेले पन यायले न सांगता कळते बाप्पा सारं."

मी आज तेव्हाच्या अण्णांपेक्षा म्हातारा आहे. माझे कान धड आहेत, आणि इतकं लक्ष देऊन मी माझ्या बायकोचं बोलणं एक दिवसही ऐकलेलं नाही. ती हे वाचेल तेव्हा मला ते पुन्हा ऐकवेल.

थंडी ओसरत आली होती. सकाळची वेळ. आई चुलीपुढं होती, अण्णा उंबऱ्याशी. "पानी सरलं," आई म्हणाली. मी वाट पाहिली. भाकर तव्यावर गेली, उलटली. "पानी सरलं वाट्टे, कोनी आनीन तं बरं." बादली भिंतीशी होती. अण्णा शेंगा सोलत होते. शेवटी मी उठलो, बादली भरून आणली आणि चुलीजवळ ठेवली.

आईनं वर पाहिलं. "आज तुह्या बापाले काऊन नाही कळलं?"

हे ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, अण्णांच्या डाव्या कानापासून हातभर अंतरावर. अण्णांनी मान वर केली नाही. त्यांनी मूठभर दाणे एकदम डब्यात टाकले, मग अजून मूठभर, आणि ते पत्र्यावर ताडताड वाजत राहिले.